‘बेरेन्सन यांच्या मते’ या शेऱ्याचे वजन किती मानावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इटालियन चित्रकलेवरचे लेखन वाचताना ‘हे चित्र अमुक चित्रकाराचे, बेरेन्सन यांच्या मते’ असा शेरा आपल्याला वारंवार आढळतो. आपल्या घरी पणजोबांच्या वेळचे, खाली ‘रविवर्मा’ अशी सही असलेले एक चित्र आहे आणि लंडनला राहणाऱ्या आपल्या आतेभावाने ते ‘तिकडच्या एखाद्या बेरेन्सनला’ दाखवण्यासाठी पाठवून द्यावे, असा सल्ला दिला आहे. कान आणि नखे पाहून चित्रकार ओळखता येतो हे खरे का, आणि खरे असेल तर असा जाणकार कसा शोधावा, हे आपल्याला हवे आहे. मी गेली एकतीस वर्षे जुन्या तैलचित्रांच्या संवर्धनाचे काम करतो आणि त्यातील सुरुवातीची काही वर्षे इटलीत शिकण्यात गेली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपल्या प्रश्नात एक पद्धत आणि एक नाव अशा दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. कान आणि नखे पाहण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातील इटालियन कलाजाणकार जोव्हान्नी मोरेली यांची आहे. जाणकारीचा समानार्थी शब्द होऊन बसलेले आडनाव त्यांच्या नंतरच्या पिढीतील बर्नार्ड बेरेन्सन या अमेरिकी जाणकाराचे आहे. पद्धत शिकता येते, पडताळता येते, ती कुठे फसली हे दाखवता येते. नावाचे तसे होत नाही. ते मानायचे किंवा नाकारायचे, एवढेच आपल्या हाती उरते. म्हणून आधी पद्धतीविषयी सांगतो.

मोरेली यांचा जन्म १८१६ साली वेरोना येथे झाला. त्यांचे शिक्षण वैद्यकाचे होते आणि म्युनिकमध्ये त्यांनी तुलनात्मक शरीररचनाशास्त्राचा अभ्यास केला होता. १८४८ च्या उठावात ते उतरले, पुढे एकीकरण झालेल्या इटलीच्या संसदेत निवडून गेले आणि १८७३ मध्ये सिनेटर झाले. १८६१ साली सरकारने त्यांना काव्हालकासेल्ले या दुसऱ्या मोठ्या जाणकारासोबत उंब्रिया आणि मार्के या प्रांतांत चर्चमधील कलावस्तूंची नोंद करण्यासाठी पाठवले होते. कडेकपारीच्या गावांतील अंधाऱ्या देवळांत, एकामागून एक चित्र जवळून पाहत झालेला हा प्रवास त्यांच्या नजरेच्या घडणीत फार महत्त्वाचा असावा, असे मला नेहमी वाटते. १८७४ पासून त्यांनी एका जर्मन नियतकालिकात रोमच्या बोर्गेझे संग्रहावर लेख लिहिले. लेखक म्हणून नाव होते ‘इव्हान लेर्मोलिएफ’ आणि जर्मन भाषांतरकार म्हणून ‘योहानेस श्वार्त्से’. पहिल्या नावात ‘मोरेली’ची अक्षरे उलटसुलट करून त्यांना रशियन शेपूट जोडले होते आणि दुसऱ्या नावाचा जर्मन अर्थ ‘काळा’, म्हणजे इटालियन ‘मोरो’. लेखक आणि भाषांतरकार एकच होते.

त्यांचे म्हणणे असे होते. चित्रातील चेहरा, हावभाव, मांडणी या गोष्टींकडे चित्रकाराचे सर्वांत जास्त लक्ष असते आणि नक्कल करणाऱ्याचे लक्षही तिथेच असते. याउलट कानाची पाळी, नखाचा कडा, बोटांची पेरे, वस्त्राची चुणी रंगवताना हात सवयीने चालतो. तिथे चित्रकार काही सांगू पाहत नसतो, म्हणून तिथे तो स्वतःसारखाच असतो. आपल्याकडे मोडी कागदपत्रे वाचणाऱ्यांना हे वेगळे समजवावे लागत नाही. बनावट सनद करणारा वरचा मायना हुबेहूब उतरवतो, शिक्काही मिळवतो. पण पत्राच्या मधल्या मजकुरात, लेखणी न उचलता चाललेल्या ओळीत, त्याच्या स्वतःच्या अक्षराचे वळण डोकावते. मोरेली चित्रात नेमके हे वळण शोधत होते. फ्लॉरेन्सचा चित्रकार बोत्तिचेल्ली याच्या आकृतींचे हात हाडकुळे, नखे रुंद, चौकोनी आणि काळसर रेषेने बांधलेली; व्हेनिसचा चित्रकार टिशियन याच्या पुरुषांच्या हातांत अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा गरजेपेक्षा फुगलेला, अशी निरीक्षणे त्यांनी मांडली आणि पुस्तकात कानांच्या व हातांच्या रेखाटनांच्या रांगाच छापल्या. संग्रहालयांतील अनेक विद्वानांना ती पाने फार खटकली, कारण एवढ्या थोर कलेचा निवाडा कानांवरून व्हावा हे त्यांना सहन होईना.

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले यश जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संग्रहातील निजलेल्या व्हीनसचे, म्हणजे रोमन प्रेमदेवतेच्या चित्राचे. तिथल्या यादीत ते चित्र टिशियनवरून सास्सोफेर्रातोने केलेली नक्कल म्हणून नोंदले होते. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मोरेली यांनी ते व्हेनिसचाच चित्रकार जॉर्जोने याचे आहे असे म्हटले आणि ते म्हणणे बहुतेकांनी स्वीकारले. मात्र यात एक गोष्ट नेहमी सांगायची राहून जाते. १५२५ च्या सुमारास व्हेनिसमधील मार्कान्तोनिओ मिकिएल यांनी एका घरी पाहिलेल्या चित्राची टिपण करून ठेवली होती: निसर्गदृश्यात निजलेली विवस्त्र व्हीनस, सोबत तिचा मुलगा क्यूपिड, चित्र जॉर्जोनेचे, पण निसर्गदृश्य आणि क्यूपिड टिशियनने पूर्ण केलेले. ड्रेस्डेनच्या चित्रात व्हीनसच्या पायाशी क्यूपिड होता आणि तो एकोणिसाव्या शतकात रंगाखाली झाकला गेला, हे नंतरच्या तपासणीत उघड झाले. म्हणजे डोळा, जुना कागद आणि रंगाच्या थराखालचा पुरावा असे तिन्ही एका दिशेने आले तेव्हा ते मत टिकले. त्या चित्रात जॉर्जोने किती आणि टिशियन किती, हा वाद मात्र आजही मिटलेला नाही.

आता ही पद्धत कशावर अवलंबून आहे हे माझ्या अनुभवातून सांगतो. शिकाऊ असताना एका खाजगी संग्रहातील लाकडी फळीवरचे मॅडोनाचे, म्हणजे येशूची आई मेरी हिचे, चित्र आमच्या गटाकडे अभ्यासाला आले होते. मी दोन आठवडे छायाचित्रे जुळवत बसलो आणि मॅडोनाच्या डाव्या हाताची करंगळी, तिचे किंचित बाहेर वळलेले टोक आणि नखाचा आकार एका ज्ञात चित्रकाराशी जुळतो, असे टिपण लिहून दिले. मग आमच्या प्रशिक्षिकेने खोलीतले दिवे घालवून चित्रावर अतिनील प्रकाश सोडला. जुने वॉर्निश हिरवट चमकू लागले आणि त्या हिरव्या धुक्यात डावा हात मनगटापासून बोटांपर्यंत काळसर डागासारखा उठून दिसला. संपूर्ण हात नंतरच्या दुरुस्तीत पुन्हा रंगवलेला होता. मी पंधराव्या शतकातील चित्रकाराचे नव्हे, तर त्याच्या कितीतरी नंतर झालेल्या दुरुस्तीकाराचे वळण दोन आठवडे अभ्यासले होते, आणि त्या दुरुस्तीकाराने बहुधा त्याच ज्ञात चित्रकाराचे छापील चित्र समोर ठेवून हात रंगवला असावा. त्या दिवसापासून कान किंवा हात पाहण्याआधी तो मूळचा आहे का, हे मी पाहतो.

आणखी दोन परिस्थितींत मोरेली यांची पद्धत अडते. चित्रकाराचा कारखाना मोठा असेल तर गुरूचे वळण शिष्य प्रयत्नपूर्वक उचलतात, कारण त्यांचे कामच ते असते. तिथे कान सारखा निघाला तरी हात कोणाचा हे उरतेच. आणि चित्रकाराची निःसंशय अशी चित्रे पुरेशी उपलब्ध नसतील तर जुळवणी कशाशी करणार? जॉर्जोनेच्या बाबतीत हीच अडचण आहे. एका संशयित चित्रावरून दुसरे आणि दुसऱ्यावरून तिसरे ठरवत गेले की सगळी उतरंड पहिल्या मडक्यावर उभी राहते.

बेरेन्सन या पद्धतीचे वारसदार होते. त्यांचा जन्म १८६५ मध्ये लिथुआनियातील बुत्रिमोनिस या गावी एका ज्यू कुटुंबात झाला, ते दहा वर्षांचे असताना कुटुंब बोस्टनला गेले आणि १८८७ मध्ये ते हार्वर्डमधून पदवीधर झाले. युरोपात आल्यावर १८९० मध्ये त्यांची मोरेली यांच्याशी भेट झाली. पुढच्याच वर्षी मोरेली वारले. १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात बेरेन्सन यांनी मोरेली यांची पद्धत नियमांत बांधली. चित्रकाराची ओळख पटवण्यासाठी कान, हात, चुण्या आणि निसर्गदृश्य सर्वांत उपयोगी. केस, डोळे, नाक, तोंड त्याहून कमी. आणि कवटी, हनुवटी, शरीराची हालचाल, वास्तू, रंग, छायाप्रकाश सर्वांत कमी, अशी उतरती श्रेणी त्यांनी दिली. या श्रेणीमागचे कारण मला आजही पटते: ज्या अवयवावर बघणाऱ्याची आणि गिऱ्हाइकाची नजर खिळते तिथे काळाची फॅशन शिरते, आणि जिथे कोणाची नजर जात नाही तिथे सवय टिकते. लेखी पुराव्याबाबतही त्यांनी सावध केले होते. एखाद्या चर्चसाठी अमुक चित्रकाराशी करार झाला होता असा कागद सापडला तरी आज समोर असलेले चित्र तेच आहे आणि त्याने ते स्वतःच्या हाताने रंगवले, हे कागद सांगत नाही.

मग नावाचा एवढा दबदबा कसा झाला? माझ्या मते याचे मोठे कारण त्यांच्या याद्या आहेत. १८९४ ते १९०७ या काळात त्यांनी व्हेनिस, फ्लॉरेन्स, मध्य इटली आणि उत्तर इटली येथील चित्रकारांवर चार लहान पुस्तके काढली. प्रत्येकात समोर एक निबंध आणि मागे चित्रकारांच्या नावांखाली त्यांच्या चित्रांची गावनिहाय यादी असे. हातात ते पुस्तक घेऊन लोक इटलीभर हिंडत. या याद्या पुढे वाढत गेल्या आणि १९३२ मध्ये एका मोठ्या खंडात एकत्र आल्या. पण यादीत चित्र होते, गाव होते, चित्रकाराचे नाव होते आणि कारण नव्हते. हा कान असा, ही चुणी तशी, म्हणून हे चित्र याचे, ही वाक्ये यादीत बसत नाहीत. हजारो चित्रांबाबत वाचकाच्या हाती फक्त निकाल आला आणि निकालामागे कारण म्हणून उरले ते आडनाव. ‘बेरेन्सनच्या यादीत आहे’ हे वाक्य त्यामुळे स्वतःच पुरावा ठरू लागले.

याचा अर्थ त्यांची नजर थोर नव्हती असा मुळीच नाही. फ्लॉरेन्सजवळच्या सेत्तिन्यानो येथील आय तात्ती या घरी त्यांनी छायाचित्रांचा प्रचंड संग्रह केला होता. १९५९ मध्ये ते वारले; घर, ग्रंथालय आणि छायाचित्रे त्यांनी हार्वर्डला दिली आणि आजही तिथे अभ्यासक काम करतात. पत्नी मेरी यांचाही या याद्यांत मोठा वाटा होता. शिवाय बेरेन्सन यांनी आपली मते बदलली, ही त्यांच्याविषयीची मला सर्वांत आदरणीय वाटणारी गोष्ट आहे. १८९९ मध्ये त्यांनी बोत्तिचेल्ली आणि फिलिप्पीनो लिप्पी यांच्या मधोमध पडणारी काही चित्रे एकत्र केली आणि ती एका अज्ञात चित्रकाराची आहेत असे सांगून त्याला ‘आमिको दी सान्द्रो’, म्हणजे सान्द्रोचा (बोत्तिचेल्लीचा) मित्र, असे नाव दिले. केवळ वळणावरून उभा केलेला हा माणूस होता. त्याच्याविषयी एकही कागद नव्हता. पुढे स्वतः बेरेन्सन यांनीच त्याला मोडीत काढले आणि त्यातील बहुतेक चित्रे तरुण फिलिप्पीनोला परत केली. समजा, १८९९ नंतर कोणी असे एखादे चित्र ‘बेरेन्सन यांच्या मते’ या शेऱ्यासह विकत घेतले असेल, तर त्या शेऱ्यात तेव्हाही खोटे काही नव्हते आणि काही वर्षांनी त्याला आधारही उरला नाही. म्हणून शेरा दिसला की पहिला प्रश्न विचारावा तो हा: हे मत कोणत्या सालचे?

दुसरा प्रश्न, ते मत कशावरून दिले? चित्र समोर ठेवून की कृष्णधवल छायाचित्रावरून? त्या काळी चित्रे खंडोखंडी विखुरलेली होती आणि छायाचित्रांवरून मत देणे अपरिहार्य होते. छायाचित्रात रेषा उत्तम दिसते, पण रंगाचा थर, भेगांची जाळी, घासून गेलेला पृष्ठभाग दिसत नाही. मला जो हात फसवून गेला तो छायाचित्रात निर्दोष दिसत होता.

तिसरा प्रश्न अवघड आहे आणि तो आदर राखूनच विचारावा लागतो: मत कोणासाठी दिले? बेरेन्सन सुरुवातीला बोस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर यांचे सल्लागार होते. १८९६ मध्ये त्यांच्या मध्यस्थीने गार्डनर यांनी टिशियनने रंगवलेले, ग्रीक पुराणकथेतील युरोपा या राजकन्येचे चित्र घेतले. ते आजही बोस्टनमधील त्यांच्या संग्रहालयात आहे आणि त्याच्या थोरवीविषयी कोणाचे दुमत नाही. पण १९१२ मध्ये बेरेन्सन यांनी जोझेफ ड्युव्हीन या बड्या चित्रविक्रेत्याशी गुप्त करार केला. त्यानुसार त्यांनी शिक्कामोर्तब केलेल्या इटालियन चित्रांच्या विक्रीतील नफ्याचा चौथा हिस्सा त्यांना मिळे. ड्युव्हीन यांच्या तारांमध्ये त्यांचा उल्लेख ‘डोरिस’ या सांकेतिक नावाने होत असे. खरेदीदाराला मात्र समोर दिसत असे तो निःस्वार्थी विद्वान. त्यांनी पैशासाठी किती मते वाकवली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि मी तो निवाडा करणार नाही. माझा आक्षेप इतकाच आहे की ज्याच्या मतावर विक्री ठरते त्याचा विक्रीत वाटा असेल, तर खरेदीदाराला ते कळलेच पाहिजे.

आणि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९३७ मध्ये ड्युव्हीन यांनी लॉर्ड अ‍ॅलेंडेल यांच्याकडील, नवजात येशूला मेंढपाळ वंदन करतात त्या प्रसंगाचे चित्र विकत घेतले. ते जॉर्जोनेचे म्हणून विकले गेले तर किंमत फार मोठी येणार होती. बेरेन्सन यांनी ते तरुण टिशियनचे आहे असे म्हटले आणि कितीही गळ घातली तरी मत बदलले नाही. पंचवीस वर्षांचा हा लाभदायक संबंध त्या चित्रावरून तुटला. आज ते चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्याखाली नाव जॉर्जोनेचे आहे. पुढे खुद्द बेरेन्सनही जॉर्जोनेचा हात मान्य करण्याकडे झुकले. स्वतःचे नुकसान सोसून, प्रामाणिकपणे दिलेले आणि तरीही पुढे न टिकलेले हे मत आहे. प्रामाणिकपणा आणि अचूकता यांची गफलत होऊ नये म्हणून हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो.

नावावर विसंबण्याची कसोटी न्यायालयातही लागली. अमेरिकेतील हान दांपत्याकडे ‘ला बेल फेरॉनियेर’ या लिओनार्दोच्या स्त्रीचित्राची एक प्रत होती. तीच मूळ असल्याचा त्यांचा दावा होता. १९२० मध्ये ड्युव्हीन यांनी ती न पाहताच, मूळ चित्र लूव्हरमध्ये आहे आणि ही नक्कल आहे, असे वृत्तपत्राला सांगितले आणि विक्री फिसकटली. दावा उभा राहिला. १९२३ मध्ये पॅरिसला दोन्ही चित्रे शेजारी ठेवून जाणकारांनी पाहिली आणि बेरेन्सन यांची साक्ष झाली; पण लूव्हरमधील चित्र लिओनार्दोचेच आहे का याविषयी त्यांनी स्वतःच पूर्वी शंका घेतली होती, हे वादी पक्षाने पुढे आणले. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि ड्युव्हीन यांनी ६०,००० डॉलर देऊन तडजोड केली. ज्यूरीला ‘हे आम्हांला दिसते’ एवढे पुरेसे वाटेना; ‘का दिसते’ हे त्यांना हवे होते, आणि ती अपेक्षा मला रास्त वाटते. गंमत अशी नव्हे तर महत्त्वाची गोष्ट अशी की निष्कर्ष जाणकारांचाच टिकला: हान यांच्याकडील ते चित्र २०१० मध्ये लिलावात विकले गेले तेव्हा त्याची नोंद लिओनार्दोच्या अनुयायाचे अशीच होती.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, वळण ओळखणे ही खरी विद्या आहे. ती मूळ रंग शाबूत असेल आणि तुलनेला भक्कम चित्रे असतील तिथे चालते. आणि जाणकाराच्या नावापुढे साल, पाहण्याची रीत आणि हितसंबंध या तीन नोंदी नसतील तर ते नाव अपुरे असते.

नजर आणि कागद यांनी एकमेकांना कसे सावरावे याचे सुंदर उदाहरण आपल्याकडे पहाडी लघुचित्रांत आहे. मुंबईचे कार्ल खंडालावाला हे पेशाने वकील. पहाडी चित्रांवरचा त्यांचा १९५८ चा ग्रंथ म्हणजे साक्ष तपासावी तशी चित्रे तपासण्याचा वस्तुपाठ आहे. पुढे १९६८ मध्ये मुंबईच्याच ‘मार्ग’ नियतकालिकात बी. एन. गोस्वामी यांनी पहाडी शैलीचा आधार राजदरबार नसून चित्रकारांचे घराणे आहे, हे मांडले. त्यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या चाळल्या. तीर्थाला आलेल्या यजमानाची वंशावळ तिथे नोंदलेली असते आणि चित्रकारांची कुटुंबेही तिथे गेलेली होती. पंडित सेऊ, त्यांचे पुत्र मानकू आणि नैनसुख अशी माणसे त्या कागदांतून उभी राहिली, आणि मग चित्रांतील वळणांना वारस मिळाले. बेरेन्सन यांच्या ‘सान्द्रोच्या मित्रा’ला हाच आधार कधी मिळाला नाही.

आता आपल्या घरच्या चित्राकडे येतो. ते परदेशी पाठवू नका, हे सर्वांत आधी सांगतो. राजा रविवर्मा यांच्या चित्रांना १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली कलानिधीचा दर्जा आहे आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. चित्र रविवर्मांचे नसले, पण शंभर वर्षांहून जुने असले तरी पुरावस्तू म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला विचारल्याशिवाय ते हलवणे योग्य नाही.

सहीवरून काहीच ठरवू नका, कारण नक्कल करायला सर्वांत सोपी गोष्ट तीच. त्याआधी दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या, चित्र खिडकीशी आडव्या उजेडात ठेवा आणि गालाचा भाग पाहा. रविवर्मांच्या छापखान्याची सुरुवात १८९४ मध्ये मुंबईत झाली, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून निघालेल्या रंगीत शिळाछापांनी महाराष्ट्रातील घरे भरून गेली. अशा छापात गालावरची छटा कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी नव्हे, तर शेजारीशेजारी पडलेल्या बारीक रंगीत ठिपक्यांनी झालेली दिसते आणि पदराच्या काठाशी एखादा रंग केसभर सरकलेला असतो. वरून वॉर्निश असल्यामुळे हातभर अंतरावरून ते तैलचित्रच वाटते. खालच्या समासात छापखान्याचे नाव असे, पण चौकट लहान पडली की तसबिरी करणारे तो समास कापून टाकत. माझ्याकडे ‘मूळ रविवर्मा’ म्हणून आलेल्या चित्रांपैकी अनेक असे छाप निघाले. एकावर तर लक्ष्मीच्या साडीचे काठ आणि दागिने कोणीतरी हाताने तैलरंगात वाढवले होते. फटकारे खरे होते, पण त्यांच्याखाली ठिपके होते. अशा छापांवर जरतार आणि टिकल्या लावण्याची रीतही घरोघरी होती. आपले चित्र तसे निघाले तर निराश होऊ नका. ते जपण्याजोगेच आहे, फक्त त्याचे नाव वेगळे आहे.

ठिपके दिसले नाहीत, तर काम लांबते. रविवर्मा यांच्यासोबत त्यांचे धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा अनेक चित्रांवर काम करत असत, त्यामुळे एका चित्रात दोन हात असणे अशक्य नाही, आणि त्यांच्या चित्रांच्या नकला त्यांच्या हयातीतही होत होत्या. इथे मोरेली यांची नजर, अतिनील प्रकाश, रंगद्रव्यांची तपासणी आणि घरचे कागद असे सगळे लागते. रंगद्रव्य एका बाजूने फार खात्रीचे बोलते: टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या वापरात १९२० च्या सुमारास आला आणि रविवर्मा १९०६ मध्ये वारले, म्हणून मूळ थरात तो सापडला तर चित्र त्यांचे नाही. मात्र तो सापडला नाही, तर चित्र त्यांचेच, असे होत नाही. त्या काळी रंगवणारा कोणीही त्याशिवायच रंगवत होता.

लिलावाच्या सूचीतील शब्दही यासाठी नीट वाचायला शिका. नुसते चित्रकाराचे नाव असेल तर ते खात्रीचे मत. ‘यांचे असावे’ म्हणजे अंदाज. ‘यांच्या कारखान्यातील’, ‘वर्तुळातील’, ‘अनुयायाचे’ म्हणजे क्रमाने दूर जाणारा हात. ‘यांच्या शैलीत’ म्हणजे काळही वेगळा असू शकतो आणि ‘यांच्यावरून’ म्हणजे नक्कल. कोणी जाणकार तोंडी ‘रविवर्माच आहे’ म्हणाला, तर यांपैकी कोणत्या शब्दाखाली तो सही करील, हे विचारा आणि कारणांसह लेखी मागा. चित्र विकण्यात किंवा विकत घेण्यात त्याचा हात आहे का, हेही तिथेच विचारा; चांगल्या जाणकाराला या प्रश्नाचा राग येत नाही.

मला मत हवे असेल तर संपूर्ण चित्र, सही, एक गाल, एक हात आणि मागची बाजू अशी पाच छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढा आणि लांबी-रुंदी लिहा. चित्र ओल्या फडक्याने किंवा बटाट्याच्या फोडीने पुसू नका. घरोघरी हा उपाय सांगितला जातो आणि त्याने वॉर्निशबरोबर वरचा रंगही निघतो. पाठीमागे तसबिरी करणाऱ्या दुकानाची चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेला आकडा किंवा पणजोबांच्या हातची एखादी ओळ असेल तर ती तशीच राहू द्या. पणजोबांची जमाखर्चाची वही घरात असेल तर ती शोधा. चित्र कोणत्या साली, कोणाकडून, किती रुपयांना आले हे तिच्यात एका ओळीत सापडले, तर कान आणि हात कोणाशी जुळवून पाहायचे हे आपल्याला निदान ठरवता येईल.